जासिंताची कच्ची वही

हरभऱ्याची सोंगणी संपत आली, थ्रेशरचा भुसा चिखलीच्या रस्त्यांवर उडायला लागला आणि दहावीची हॉलतिकिटं वाटून झाली, की माझ्या धाकट्या बहिणीच्या कबरीवर पेनं दिसायला लागतात. निळी, काळी, जेलची, एखादं टोपण हरवलेलं. पोरं-पोरी सायकलवरून येतात, पेन कबरीच्या फरशीला टेकवतात, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि पेन पुन्हा दप्तरात टाकून निघून जातात. काहींचं पेन घाईत तिथंच राहतं. यात आमची ख्रिस्ती पोरं मोजकीच, कारण इथं आमची घरंच मोजकी. बाकी बौद्ध वस्तीतली, बाजारपेठेतली, खेड्यांवरून एसटीनं येणारी. जासिंताताईला पेन टेकवलं की पेपर सोपा जातो, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं.

जासिंताला पूर्वपरीक्षेत भूमितीत चाळीसपैकी सहा मार्क होते.

हे मी कुणाला सांगू? मी घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या गणिताचे क्लास घेते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती, जिला जूनमध्ये अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. वर्षभर तिच्यापुढे घसा मी बसवला. निकाल लागला तशी तिची आई पेढे घेऊन आली, माझ्यासमोरून सरळ आतल्या खोलीत गेली, जासिंताच्या फोटोपुढे पेढा ठेवला आणि माझ्या आईला म्हणाली, "तुमच्या पोरीनं पास केलं जी माह्या पोरीले." आईनं डोळे पुसले. मी पेढा खाल्ला. दुसरं काय करणार होते?

तिला जाऊन आठ वर्षं झाली. सोळाव्या वर्षी गेली, अशाच मार्चमध्ये, सिकलसेलच्या दुखण्यात. हा आजार जन्मापासून रक्तातच असतो. उन्हाचा, तहानेचा, थंडीचा त्रास झाला की हाडांमध्ये कळा सुरू होतात, तिच्या बहुतेक वेळा पायांत. एवढं असूनही पोरगी पहाटे उठून माळ जपायची, दर रविवारी चर्च झाडायची, कुणी आजारी पडलं की प्रार्थनेला पहिली हजर. देवभोळी होती, हे मी कधीच नाकारलं नाही. माझं म्हणणं इतकंच की ती एकटी देवाच्या घरी राहत नव्हती. ती माझ्या घरी राहत होती, माझ्याच खोलीत, आणि माझं कपाट उघडत होती.

माझा मरून स्वेटर मला एका डिसेंबरात शेजारच्या वच्छलाकाकूंच्या नातीच्या अंगावर दिसला. मी घरी येऊन जासिंताला धरलं.

"तुह्याजवळ दोन होते न ताई," ती शांतपणे म्हणाली.

"दोन तर तुह्याजवळबी होते."

"माह्या एकाची बाही उसवली होती. उसवलेलं कसं द्यायचं कोनाले?"

माझी छत्री, माझा कंपास, एकदा तर माझी जवळजवळ नवी चप्पल, सगळं या हिशेबानं गेलं. वच्छलाकाकू बौद्ध. आमच्या चर्चशी त्यांचा संबंध तो स्वेटर एवढाच. पण त्या अजून म्हणतात, "लेक मोठ्या मनाची होती, पर तोंडानं फटकळ." त्यांचं हे बोलणं मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

लिहून घेणं चालू आहे, ते असं. गेल्या वर्षी आमच्या मंडळींनी एकमतानं ठरवलं की जासिंताला संतपद मिळावं, आणि तसा अर्ज बिशपसाहेबांकडे गेला. मग त्यांच्या ऑफिसातून एक तरुण फादर आले. चष्मा लावणारे, हळू बोलणारे. त्यांनी आधीच सांगितलं की ही वाट फार लांबची, थेट रोमपर्यंतची आहे, पुढं काही होईल न होईल, आत्ता फक्त तिला ओळखणाऱ्यांकडून लेखी निवेदनं जमवायची आहेत. "गुण लिहा, तसेच दोषही लिहा," ते म्हणाले. छापील कागदावर दोषांसाठी वेगळा रकानाच होता. "आणि तिच्या हातचं काही लिखाण असेल तर ते जसंच्या तसं हवं." जसंच्या तसं हे ते दोनदा म्हणाले. आई मान डोलवत होती, मी मान डोलवत होते आणि सगळ्यांत जोरात मान डोलवत होते ते दावीद मास्तर.

दावीद मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. फादर नसतील तेव्हा प्रार्थना तेच चालवतात, मुलांना धर्मशिक्षण तेच देतात, चर्चची घंटाही तेच वाजवतात. माणूस सोन्यासारखा. फक्त खिशात लाल पेन आहे. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी ऱ्हस्वदीर्घ बघतात. जासिंताची वही त्यांनी आईकडून मागून नेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती वही दहावीच्या वर्षाची. पुढून गणिताची कच्ची वही होती, म्हणजे चुकलेली समीकरणं, खोडाखोड, आणि भूमितीच्या आकृत्यांवर काढलेले डोळे-नाक. मागून उलटी धरली की देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या. रोज एक. मला ठाऊक आहे, कारण मी त्या चोरून वाचत असे. तिलाही ते ठाऊक होतं. एकदा तिनं खाली लिहून ठेवलं होतं, 'ताई, वाचून झालं असंन तं झोप आता.'

तो शेवटचा उपवासकाळ माझ्या अजून नाकात बसलाय. खिडकीतून भुसा यायचा, वहीच्या पानांवर बसायचा, पुसला की पानावर पिवळट रेघ राहायची. शेताच्या बांधावर पळस लालभडक झाला होता. दुपारी वीज जायची आणि आम्ही दोघी पाठ्यपुस्तकानं वारा घेत बसायचो. माझ्या हातात बीजगणित, तिच्या हातात भूमिती. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे प्रत्येकजण काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी चहा, कुणी टीव्ही. जासिंतानं त्या वर्षी जाहीर केलं की दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची संध्याकाळची प्रार्थना होईपर्यंत ती पाणी पिणार नाही. ज्या पोरीला डॉक्टरांनी दर तासाला पाणी प्यायला सांगितलेलं, ती मार्च महिन्यात पाणी सोडणार. मी समजावलं, ओरडले, रडले. शेवटी चर्चमध्ये जाऊन तेव्हाच्या फादरांना सांगून आले. त्यांनी तिला सगळ्यांदेखत ग्लास भरून दिला आणि म्हणाले, "पी." तो ग्लास तिनं माझ्याकडे बघत बघत संपवला. ती नजर मी या चष्मेवाल्या फादरांच्या छापील कागदावर कशी उतरवू? पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोनाची व्याख्या विचारायला आली.

त्याच दिवसांत मी तिच्या डोक्यात पेन मारलं. एकच प्रमेय अकराव्यांदा समजावत होते आणि ती खिडकीतून कुणाला तरी हात करत होती. त्या दिवशीची चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. 'देवा, आज ताईनं डोक्यात पेन हानला. मी तिले माफ नाही केलं. उद्या करीन.' दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत एकच शब्द होता, 'केलं.'

तर यंदाचा राखेचा बुधवार. चर्चमध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आम्ही बाहेर आलो. मास्तर पायरीवर उभे होते, हातात निळ्या कव्हरची कोरी करकरीत फाईल.

"हे पाह्य," ते म्हणाले. "तुह्या बहिणीची पूर्ण वही. एकेक अक्षर मी हातानं उतरवलं."

मी पानं उलटली. अक्षर मोत्यांसारखं. मी म्हटलं, "मास्तर, छान झालं. आता मूळ वही परत द्या. फादर शुक्रवारी येऊन राह्यले."

मास्तरांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. "दिली न," ते म्हणाले.

मला आधी काही कळेना. आमच्यात झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या शिंदीच्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरानं त्या सुकलेल्या झावळ्या गोळा करून जाळायच्या आणि त्याच राखेनं पुढच्या राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढायचा, अशी रीत. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात किंवा रद्दीत टाकत नाहीत. एक तर पुरतात, नाही तर जाळतात. चर्चमागच्या घमेल्यात हे काम दर वर्षी मास्तरच करतात.

"वहीले वाळवी लागली होती," मास्तर सांगत होते. "अशी वही रद्दीत जाऊ द्यायची होती काय? मी आधी सगळं सुवाच्य उतरवलं, मंग झावळ्यांसंगं अग्नीत दिली. प्रार्थना म्हनून दिली, अशीच नाही."

मी कपाळाला हात लावला. बोटाला राख लागली. माझ्या आजूबाजूला सगळी मंडळी एकमेकांना नमस्कार करत होती आणि प्रत्येकाच्या कपाळावर जासिंताची वही होती.

"फादर जसंच्या तसं म्हणाले होते मास्तर."

"जसंच्या तसंच हाये. फक्त शुद्धलेखन पाहिलं. आन् दोन-चार जागी भाषा थोडी नीट केली."

दोन-चार जागी! मी तिथंच, पायरीवर बसून वाचायला लागले. पेनाच्या चिठ्ठीचं झालं होतं, 'हे प्रभो, आज मला ताडन झाले, परंतु मी तत्काळ क्षमा केली.' ताडन. ज्या पोरीला त्रिकोण लिहिताना रकार सापडत नव्हता, ती ताडन लिहिणार. आणि 'केलं' हा एका शब्दाचा दिवस तर पुरताच गायब. मग आणखी एक चिठ्ठी शोधली. तिच्या पायांत कळा सुरू झाल्या होत्या तेव्हाची. ती अशी होती: 'काऊन बे देवा, मलेच काऊन? दावीद मास्तरचे पाय पाह्य, सत्तरीत टुणटुणीत हायेत.' मास्तरांच्या प्रतीत होतं, 'हे प्रभो, माझ्या वेदना मी तुझ्या चरणी अर्पण करते.'

"मास्तर, हे तिनं लिहिलं नव्हतं."

"देवाले बे म्हनते काय कोनी?" मास्तर म्हणाले. मग फाईलकडे न बघता, खाली बघत म्हणाले, "ती ओळ वाचून मले तीन दिवस जेवन गेलं नाही, बाई. तशी ओळ रोमले पाठवू काय?"

ज्याच्यावर चिडायचं त्यानंच असं बोलावं, हा एक वेगळाच वैताग असतो. मी फाईल घेऊन घरी आले.

फाईलच्या शेवटी माझ्यासाठी निवेदन तयारच होतं. मास्तरांच्याच अक्षरात, खाली सहीची जागा सोडून. 'सदर प्रत मूळ वहीप्रमाणे आहे. कु. जासिंता हिला राग असा कधी आलाच नाही. असह्य वेदनांतही तिने तक्रारीचा शब्द काढला नाही. ती हसतमुखाने प्रभूकडे गेली.' छापील कागदावरचा दोषांचा रकाना त्यांनी एक आडवी रेघ मारून बंद केला होता. आईनं आपल्या निवेदनावर सही करूनही टाकली होती.

"सही कर न वं," आई म्हणाली. "तुह्यं काय जाते?"

माझं काय जातं, तेच तिला सांगता येत नव्हतं. वही तर गेलीच होती. तिच्यातलं खरं जे काही होतं ते आता फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि मी सही केली की तेही खोटं ठरणार होतं. स्वेटर देणारी, बे म्हणणारी, दोन दिवस अबोला धरणारी माझी बहीण त्या सहीखाली कायमची जाणार आणि तिच्या जागी ताडन झालेली कुणी अनोळखी पोरगी बसणार. पण सही नाही केली तर? आठ वर्षं आई त्या हसतमुखानं गेलेल्या पोरीच्या आधारानं उठत-बसत होती. ती तिच्याकडून मी कशी काढून घेऊ?

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी वहीतही नव्हती.

तिचे मराठी, हिंदी, इंग्रजीचे पेपर झाले, बीजगणितही झालं. भूमितीच्या दोन दिवस आधी कळा वाढल्या आणि तिला बुलढाण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पेपरच्या दिवशी सकाळी आई डॉक्टरांच्या मागे गेली होती. खोलीत आम्ही दोघीच. भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजले. जासिंता म्हणाली, "पेपर वाटून राह्यले असतील." मी म्हटलं, जुलैत देऊ, काही बिघडत नाही. तिनं उशाशी ठेवलेली माळ उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून समोरच्या भिंतीवर फेकली. "एक पेपर," ती म्हणाली. "एक पेपर तर देऊ द्यायचा होता त्यानं. इतकं कधी मांगितलं होतं मी?" मग रडली, आधी रागानं आणि नंतर नुसतीच. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, पाह्य न कुठं पडली." मी पलंगाखाली वाकून माळ काढून दिली. एक मणी फुटला होता. तिनं तो फुटका मणी अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाली, "आईले सांगजो नको." दुसऱ्या दिवशी ती गेली.

मी आठ वर्षं सांगितलं नाही. लोक हसतमुखाची गोष्ट सांगायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जायचे. माझी चिडचिड सगळ्यांना माहीत आहे. मोठीचा स्वभाव कडू, धाकटी अमृत, असं मंडळी माझ्या तोंडावरही बोलतात. मला वाईट वाटायचं ते याचं नाही. मला वाटायचं, ज्या पोरीनं माळ फेकली आणि परत शोधायला लावली, तिच्याएवढी देवाची मी दुसरी कुणी पाहिली नाही. आणि नेमकं तेच सांगायला बंदी.

गुरुवारी दुपारी क्लासला सुट्टी होती, पोरं पेपर देत होती. आई अंगणात सावलीला बसून हरभरा पाखडत होती. मी मास्तरांचं निवेदन बाजूला ठेवलं, कोरा छापील कागद घेतला आणि दोषांच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. स्वेटर लिहिला. पाण्याचा ग्लास लिहिला. पेन लिहिलं, माफी एक दिवस उशिरा मिळाली तेही लिहिलं. बे लिहिलं. रकाना भरला म्हणून समासात वळले. माळेपाशी आले तेव्हा हात थांबला, पण तेही लिहिलं. तिला दिलेला शब्द मोडला, हे माझ्या दोषांत धरावं.

"केली काय सही?" आईनं विचारलं.

"नाही. आधी ऐक," मी म्हटलं आणि सगळं वाचून दाखवलं.

स्वेटरला आई हसली. ग्लासाला तोंडाला पदर लावला. माळेचं ऐकताना तिच्या हातातलं सूप थांबलं. मी वाचून संपवलं. आई ओरडेल, रडेल, कागद फाडेल, कशालाही मी तयार होते.

"तुह्यासमोर चिडली ती?" आईनं हळूच विचारलं.

"हो."

"देवावर?"

"हो आई."

आई बराच वेळ हरभऱ्यातला एकच खडा बोटानं इकडून तिकडे करत राहिली.

"मले वाटे, माह्यावरच चिडली," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तू खाली औषध आणाले गेली होती. मी माळ जपून राह्यली होती. म्हने, आई, माळ ठेव, पाय दाब. मी म्हटलं, थांब वं, एवढे दहा मणी होऊ दे. तं भडकली माह्यावर. म्हने, देवाले थांबव न, मले काऊन थांबवतं?" आईनं सूप खाली ठेवलं. "मी तरी दहा मणी पुरे केले. मंग दाबले पाय. तवर तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. बोलली नाही मंग."

मी पेनाला टोपण लावलं.

"सगळे म्हनत, हासत गेली, कोनावर रागावली नाही. मंग माह्यावरच काऊन रागावली? मले वाटे, माह्यातच असं काय पाप होतं की संत झालेली पोरगी फक्त मायवर चिडली. आठ वर्षं झाले. कोनाले सांगू हे? त्या कागदावर सही केली तवाबी हेच डोक्यात होतं माह्या."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला, वाचता येईना तसा परत दिला.

"हेबी लिही," ती म्हणाली.

"रकाना भरला आई. आणि हा रकाना तिच्या दोषांचा आहे."

"तिच्यात नको लिहू. माह्यात लिही."

कागदात आईच्या दोषांना जागा नव्हती. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. दहा मणी. पाय. भिंतीकडे केलेलं तोंड. खाली तिनं तिची सही केली, मी माझी केली. आईनं सूप पुन्हा हातात घेतलं, दोनदा पाखडलं आणि थांबली.

"दावीद मास्तरले दाखवजो नको," ती म्हणाली. "तो दुरुस्त करीन."